बाबांच्या रजेचा अर्ज

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी एका खासगी कंपनीत पाच वर्षांपासून हिशेब विभागात नोकरी करतो. वय ३२. आम्ही तिथे साधारण सव्वाशे माणसं आहोत. पत्नी दुसऱ्या एका खासगी कंपनीत आहे, तिथे साठ-सत्तर जण असतील. तिला सातवा महिना लागलाय, हे आमचं पहिलंच बाळ. गेल्या आठवड्यात मी पंधरा दिवसांच्या पितृत्व रजेबद्दल विचारलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळंतपण बायकोचं, ती जाणार माहेरी. तू घरी बसून काय करणार?" लोक हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. एचआरचं म्हणणं, आपल्या पॉलिसीत अशी रजाच नाही. माझा मेहुणा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्याला पंधरा दिवस मिळाले होते. मग कायदा सगळ्यांना सारखा नको का? मी कोर्टात जाऊ शकतो का?

पत्नीच्या ऑफिसात तिला गोड शब्दांत सांगितलंय, "आता राजीनामा दे, बाळ जरा मोठं झालं की परत घेऊ." तिला वाटतं, अशा दिवसांत वाद नको.

शेवटचं थोडं लाजत विचारतो. आमच्यात काहीही बिनसलेलं नाही. पण घटस्फोट झालेला एक मित्र म्हणाला की पाच वर्षांचं होईपर्यंत मुलावर बापाचा हक्कच नसतो. हे खरं आहे का?

– एक होणारा बाबा

उत्तर: सप्रेम नमस्कार.

"लोक हसले, मीही हसलो" या वाक्यापाशी मी थांबले. कामगार कायद्याची वकिली करताना असे कितीतरी बाबा माझ्यासमोर बसून गेले आहेत. बाळ होणार म्हणून रजा हवी, असं साहेबांना सरळ सांगणारे त्यांत मोजकेच. कुणी पाठदुखीचं कारण दिलेलं असतं, कुणी गावाकडच्या जमिनीच्या मोजणीचं. बाळ झालं हे सांगण्यापेक्षा ताप आला हे सांगणं सोपं वाटावं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही खरं कारण सांगितलंत. त्या दिवशी रजा मिळाली नसली, तरी पुढची सगळी लढाई या खरेपणावरच उभी राहणार आहे.

कडू भाग आधी सांगते. खासगी नोकरीतल्या वडिलांना पगारी पितृत्व रजा देणारा कायदा आज आपल्या देशात नाही. १९६१चा प्रसूती लाभ कायदा आईपुरता होता. २०१७ साली त्यात मोठी सुधारणा झाली, पण बाबांसाठी एक ओळही आली नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तिच्यातही नाही. आईच्या रजेतले काही आठवडे वडिलांच्या नावावर करून घेण्याची सोयही नाही. त्यामुळे "पॉलिसीत नाही" असं एचआर म्हणतं तेव्हा ते तुम्हाला फसवत नाहीत.

मेहुण्याला मिळाले ते पंधरा दिवस केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ यांतल्या ४३-अ या नियमाने. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला प्रसूतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत किंवा नंतरच्या सहा महिन्यांत ही रजा घेता येते. पगार पूर्ण मिळतो आणि त्याच्या शिल्लक रजेतून एकही दिवस कापला जात नाही. ही रजा सर्वसाधारणपणे कोणत्याही परिस्थितीत नाकारू नये, असं त्या नियमातच लिहिलं आहे. असं वाक्य सरकारी नियमांत फारसं सापडत नाही. ज्याने ते लिहिलं, त्याला "तू घरी बसून काय करणार" हा प्रश्न बहुधा ठाऊक असावा. मूल दत्तक घेणाऱ्या वडिलांसाठी अशीच तरतूद आहे आणि २०२४पासून सरोगसीने बाबा होणाऱ्यांनाही ही रजा मिळते. सरकारी बँकांत कर्मचारी संघटनांनी वाटाघाटी करून २०१५च्या करारात पंधरा दिवस मिळवले. पण हे नियम त्या-त्या नोकरीच्या सेवाशर्ती आहेत, देशातल्या सगळ्या बापांचा कायदा नव्हे.

आता कोर्टाचं. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०२३ साली एका पोलीस निरीक्षकाच्या बाजूने निकाल दिला. पत्नीच्या बाळंतपणासाठी त्याला मंजूर झालेली रजा वरिष्ठांनी रद्द केली होती. तो कामावर गेला नाही, म्हणून त्याच्यावर नोकरी सोडून पळाल्याचा ठपका आला. न्यायालयाने तो पुसला आणि वडिलांच्या रजेसाठी देशात कायदा हवा, असंही स्पष्ट म्हटलं. निकाल वाचून बळ येतं, मलाही आलं. मात्र तो निरीक्षक सरकारचा नोकर होता. संविधानातला समतेचा आणि जगण्याचा हक्क सरकारविरुद्ध थेट मागता येतो, खासगी कंपनीविरुद्ध तशी याचिका बहुतेक वेळा दारातच अडते. तुम्ही आज कोर्टात गेलात तर बाळ चालायला लागेल आणि तारखा पडतच राहतील. म्हणून, नको. तुमची ताकद आणि पैसा दोन्ही आत्ता घरी लागणार आहेत.

याला एकच अपवाद. तुमचं नियुक्तिपत्र, कंपनीचं रजाविषयक पुस्तक, युनियन असेल तर तिचा करार आणि लागू असतील तर स्थायी आदेश (कंपनीच्या सेवाशर्तींचे प्रमाणित नियम), सगळं स्वतः वाचून काढा. कुठेतरी "पितृत्व" किंवा "पॅटर्निटी" हा शब्द निघाला, तर तो कराराचा भाग झाला आणि चित्र बदललं. एचआरमधल्या नव्या माणसाला जुना नियम माहीतच नसतो, असं मी पाहिलं आहे.

कायदा यावा म्हणून कुणी धडपडलंच नाही, असंही नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी आणि असंघटित क्षेत्रातल्या वडिलांनाही पंधरा दिवस, आणि ती रजा तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा, असा त्याचा गाभा होता. त्याचा कायदा झाला नाही. मला ही गोष्ट अजून टोचते, कारण नॉर्वेने १९९३ सालीच काही आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले होते. वडिलांनी ते घेतले नाहीत तर ते बुडतात, आईकडे जात नाहीत. तिथल्या बाबांचं रजा घेण्याचं प्रमाण त्यानंतरच झपाट्याने वाढलं. कारण साधं आहे. "बायको घेईल ना रजा" हे वाक्य तिथल्या साहेबाच्या तोंडून काढूनच घेतलं गेलं. आपल्याकडे ते वाक्य अजून शाबूत आहे, तुम्ही परवाच ऐकलंत.

तर मग हातात काय आहे? तुमच्या स्वतःच्या रजा. तुमचं ऑफिस महाराष्ट्रात असेल आणि दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ तुम्हाला लागू असेल, तर वर्षाला आठ पगारी सीएल (किरकोळ रजा) हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात आणि वर्षअखेर बुडतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पाच वर्षं एकाच ठिकाणी आहात, म्हणजे खात्यावर काहीतरी नक्कीच असेल. नेमकी शिल्लक आजच एचआरकडून लेखी मागवून घ्या, ईमेल चालेल. पुष्कळ जणांच्या बाबतीत ही बेरीज मेहुण्याच्या पंधरा दिवसांच्या पुढे जाते. अर्थात हे दिवस वेगळ्या खिशातून येत नाहीत. बाळाला पुढे ताप आला की लागणाऱ्या रजाही यातूनच जायच्या आहेत, म्हणून सगळी थैली एकदम रिकामी करू नका.

आणि तोंडी विचारणं आता बंद. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर येतं, आणि तोंडी उत्तरावर लोकांना हसता येतं. अर्ज द्या, पोच घ्या. मजकूर मीच लिहून देते:

"माझ्या पत्नीच्या प्रसूतीची संभाव्य तारीख अमुक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. प्रसूतीच्या दिवसापासून पाच दिवस सीएल आणि नंतर अमुक तारखेपासून दहा दिवस शिल्लक पगारी रजा मंजूर करावी. प्रसूती संभाव्य तारखेच्या आधी किंवा नंतर झाल्यास त्याच दिवशी कळवेन. माझ्या गैरहजेरीत कोणतं काम कोण पाहील, याचं टिपण सोबत आहे. तसेच कंपनीच्या रजा धोरणात पितृत्व रजेचा समावेश करण्याचा विचार व्हावा, ही विनंती."

यातलं टिपण मन लावून करा. तुम्ही हिशेबात आहात, म्हणजे महिनाअखेर आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्याच्या ११ व २० तारखा साहेबांच्या डोक्यात असणारच. त्या तारखांना कोण बसेल, पासवर्ड कुणाकडे असतील, कोणत्या फाइली आधी तयार असतील, हे कागदावर आलं की नकाराची निम्मी कारणं संपतात. आणि शेवटची विनंती गाळू नका. तुमच्या बाळापुरता तिचा उपयोग होणार नाही कदाचित, पण सव्वाशे माणसांत पुढच्या वर्षी आणखी चार-पाच जण बाबा होतील, आणि तेव्हा फाइलमध्ये एक कागद तरी असेल. झोमॅटोने २०१९ साली वडिलांनाही २६ आठवड्यांची पगारी रजा जाहीर केली. मालकाने मनावर घेतलं की कायद्याची वाट पाहावी लागत नाही, हे तुमच्या कंपनीला सांगायला हरकत नाही.

रजा कधी घ्यायची, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक बाबा सगळे दिवस दवाखान्याच्या बाकावर खर्च करतात. तेव्हा घरात माणसांची गर्दी असते, आई, सासू, मावशी, शेजारणी. खरी गरज पुढे लागते. पत्नी माहेरी गेली, तर ती आणि बाळ परत येतील तो आठवडा. घरीच राहिली, तर मदतीला आलेलं माणूस निघून जाईल तो आठवडा. रात्री दर दोन-तीन तासांनी उठणारं बाळ, अजून न भरलेले टाके आणि दार बंद झाल्यावर एकटी उरलेली ती. तेव्हा तुम्ही घरी असायला हवं. म्हणूनच वरच्या अर्जात मी रजेचे दोन तुकडे केले आहेत. सरकारी नियमात सहा महिन्यांची मुदत दिली आहे, त्यातही हेच शहाणपण आहे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, तिला बाळाकडे बघावंसंच वाटेना किंवा झोपायला मिळूनही झोप येईना, तर "होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. हे पहिल्यांदा लक्षात येतं ते घरात असलेल्या माणसालाच. साहेबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

दोन-तीन सीएल लसींसाठी बाजूला ठेवा. जन्मावेळच्या लसींनंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसी असतात. म्हणजे बाळ जन्मलं त्याच दिवशी या तारखा कॅलेंडरवर मांडता येतात आणि रजा महिनाभर आधी सांगता येते. बाळाला तुम्ही घेऊन जा. लसीचं कार्ड तुमच्या हातात असू दे. असं का म्हणते, ते शेवटी येईल.

आता पत्नीच्या राजीनाम्याकडे वळते. इथे मी तुमच्यापेक्षा तिच्याशी बोलते आहे, पत्र तिला वाचायला द्या.

बाई, राजीनामा देऊ नका. तुमच्या ऑफिसात दहापेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहितेतल्या प्रसूती लाभाच्या तरतुदी तुम्हाला लागू आहेत. संभाव्य प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं असलं की २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुमचा हक्क आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. हे हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असतील तर. दोन किंवा जास्त असतील तर १२ आठवडे. रजेवर असताना किंवा रजेमुळे तुम्हाला काढून टाकणं बेकायदा आहे. त्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणं किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करणं, हेही बेकायदा. गरोदरपणात काढून टाकलं, तरी एरवी मिळाला असता तो लाभ बुडत नाही. काढून टाकण्याच्या हुकमाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येतं.

हे सगळं संरक्षण एका सहीने संपतं आणि ती सही राजीनाम्यावरची असते. म्हणूनच तो गोड शब्दांत मागितला जातो. कंपनीने काढलं तर कंपनी अडकते, तुम्ही स्वतः सोडलंत तर तिला काहीच द्यावं लागत नाही. "परत घेऊ" या शब्दाला कागदावर काही आधार नसतो. ते सांगणारा माणूस वर्षभरात तिथे असेल की नाही, हेही कुणी सांगू शकत नाही. अशा आश्वासनावर राजीनामा देऊन मग सहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन मुलाखती देत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणीच भांडखोर नव्हती, सगळ्यांना वाद नकोच होता.

आणि यात वाद घालावा लागतच नाही. त्यांच्याशी राजीनाम्यावर चर्चा करू नका, फक्त लाभाची सूचना द्या. मी अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जात आहे, संभाव्य तारीख अमुक, लाभाची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी आणि माझ्या पश्चात अमुक यांना द्यावी, असं लिहून डॉक्टरांच्या दाखल्यासह द्या, पोच घ्या. सूर नम्र ठेवा. कायदा असं सांगतो की प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाच्या पुराव्यावर आगाऊ द्यायची आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या दर महिन्याच्या पगारासारखी देतात, आणि ती नियमित येत असेल तर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. कंपनीने प्रसूतीपूर्व आणि नंतरची वैद्यकीय सेवा मोफत दिलेली नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही मिळतो. तुमच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल, तर हा लाभ कंपनीकडून न येता ईएसआय महामंडळाकडून येतो, तिथल्या शाखेत आधीच चौकशी करा.

परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज अंगावर पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. हे पन्नास मोजताना फक्त बायका मोजायच्या नसतात, सगळे कर्मचारी मोजायचे. साठ-सत्तर माणसांचं तुमचं ऑफिस त्यात येतं. तुमच्या नवऱ्याच्या कंपनीत तर सव्वाशे आहेत, तिथे पाळणाघर कुठे आहे, हेही त्यांनी अर्जाबरोबर विचारून घ्यावं. कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजा संपल्यावर काही काळ घरून काम करण्याबद्दल तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरवता येतं. ठरलं तर तेही लेखी घ्या.

दबाव वाढला, राजीनाम्यावर सही करायला खोलीत बसवून ठेवलं, तर सही न करता बाहेर या आणि त्याच संध्याकाळी घडलेलं सगळं ईमेलवर लिहून पाठवा. पुढची पायरी कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथे तक्रार करायला वकील लागत नाही.

आता पुन्हा तुमच्याकडे, बाबा. जन्माची नोंद २१ दिवसांत होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, पण फॉर्मवर नावं लिहिली जातात ती घाईत, कुणीतरी सांगितलेली. तो फॉर्म तुम्ही स्वतः भरा. आई-वडिलांची नावं तुमच्या ओळखपत्रांवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, त्यामुळे एक चुकीचं अक्षर अठरा वर्षं पाठ सोडत नाही. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही, बारा महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आहे. हा क्रम मला फार आवडतो.

उरला मित्राचा प्रश्न. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हक्क कळून घेतला म्हणजे संसारावर अविश्वास दाखवला, असं होत नाही.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि बरेच वडील या अर्ध्या खऱ्यानेच घाबरतात. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पालकत्व आणि ताबा. तुम्हाला हिंदू कायदा लागू असेल, तर १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ने वडील नैसर्गिक पालक आहेत आणि "त्यांच्यानंतर" आई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात त्या "नंतर"चा अर्थ सांगितला. वडिलांच्या मृत्यूनंतर असा अर्थ न घेता ते पालकाच्या भूमिकेत नसतील तेव्हा, असा तो घ्यायचा. म्हणजे वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. याच कलमात पुढे म्हटलं आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. मित्राने ऐकलं ते हेच. त्याने "सामान्यतः" हा शब्द वगळला, आणि ताब्याला हक्क म्हटलं. ताबा आईकडे असला तरी वडील पालक राहतातच. मुलाला भेटणं, त्याच्याशी बोलणं, त्याच्या शिक्षणाबद्दल आणि औषधपाण्याबद्दल मत देणं, हे सगळं वडील मागू शकतात आणि न्यायालयं ते देतात. खर्चाची जबाबदारीही राहतेच. इतर धर्मीयांसाठी त्यांचे वैयक्तिक कायदे आणि १८९०चा पालक व पाल्य कायदा आहे. पण कुठल्याही कायद्याने गेलात, तरी न्यायाधीश शेवटी मुलाचं हित कशात आहे ते पाहतात.

हे हित ठरवताना प्रश्न फार साधे विचारले जातात. मुलाच्या डॉक्टरांचं नाव काय? शेवटची लस कधी दिली? रात्री उठल्यावर ते कुणाला हाक मारतं? पगाराच्या चिठ्ठ्यांची फाइल घेऊन आलेले कितीतरी बाबा या प्रश्नांपाशी गप्प होतात, आणि ती शांतता मला सहन होत नाही. कारण त्यांचं प्रेम खोटं नसतं, त्यांना घरी राहायला कुणी दिलेलं नसतं आणि त्यांनीही मागितलेलं नसतं. तुमच्यावर असा दिवस कधी येणार नाही. पण लसीचं कार्ड तुमच्या हातात असू दे, असं मी म्हटलं ते यासाठीही.

अर्ज या सोमवारी द्या. पत्नीची सूचनाही त्याच दिवशी जाऊ दे, दोन्हींच्या पोच एकाच फाइलमध्ये ठेवा. तुमच्या अर्जाला लेखी नकार आला, तर ते उत्तर आणि नियुक्तिपत्राची प्रत नावं खोडून मला पाठवा. शब्द नेमके काय आहेत ते पाहून पुढचं पत्र आपण मिळून लिहू. बाळाच्या आईला माझा नमस्कार सांगा.